२५९ ओळींची पुरवणी

मूळ ग्रंथाचा इतिहास लिहिला जातो. पुरवणीचा सहसा कोणी लिहीत नाही. परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका संपली म्हणजे दोऱ्याने बांधावयाचा तो जादा कागद, एवढीच पुरवणीची ओळख आपल्या मनात असते. परंतु काही वेळा पुरवणीच मूळ उत्तरपत्रिकेहून मोठी होते. संगणकाच्या क्षेत्रात अशी एक गोष्ट २००१ साली घडली. अवघ्या २५९ ओळींची ती पुरवणी आज जगभरच्या प्रयोगशाळांत, विद्यापीठांत आणि बँकांच्या कचेऱ्यांत निरनिराळ्या रूपांनी वावरते आहे. भोपाळच्या मराठी घरांतील जी मुले-नातवंडे पुणे, बंगळूर किंवा अमेरिकेत संगणकावर आकडेमोडीचे काम करतात, त्यांपैकी अनेकांचा दिवस तिच्याच वंशातील एखाद्या वहीवर उघडतो. ती वही कोठून आली हे आजी-आजोबांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय तांत्रिक असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या पिढीच्या परिचयाचा आहे. उत्तर हाती आले. पण ते कोणत्या प्रश्नाचे, कोणत्या आधाराने आणि कोणत्या क्रमाने आले, याची नोंद कोठे आहे? सरकारी कचेरीत हयात घालविलेल्या मनुष्यास हा प्रश्न नवा नाही. इतिहाससंशोधकास तर तो रोजचाच.

प्रथम संगणकाशी बोलण्याची रीत कशी बदलत गेली ते पाहू. आपल्या देशात स्वदेशी बनावटीचा पहिला मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. तो १९६० साली कार्यान्वित झाला आणि पुढे 'टिफ्रॅक' या नावाने ओळखला गेला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत 'सीडीसी ३६००' हा परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला. त्या काळी संगणकाशी संवाद नव्हता. अर्ज-विनंतीचा व्यवहार होता. छिद्रे पाडलेल्या फितीवर किंवा पत्त्यांवर आपली आज्ञावली नोंदवून ती संगणकाच्या खोलीत द्यावयाची, आपल्या पाळीची वाट पाहावयाची, आणि काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, छापील कागदावर उत्तर घ्यावयाचे. एखादे चिन्ह चुकले असेल तर अर्ज नामंजूर, पुन्हा पहिल्यापासून.

याच सुमारास अमेरिकेत वेगळी रीत रुजत होती. लिस्प या भाषेसाठी पीटर डॉईच या तरुण विद्यार्थ्याने १९६०-६४ या वर्षांत एका लहान संगणकावर अशी सोय केली की, मनुष्याने एक ओळ लिहावी, संगणकाने ती वाचावी, तिचे मूल्य काढावे, उत्तर छापावे आणि पुढच्या ओळीची वाट पाहावी. वाचणे, मूल्य काढणे, छापणे, पुन्हा वाचणे असे ते चक्र होते. १९६४ च्या मे महिन्यात डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कर्ट्झ या दोघा प्राध्यापकांनी 'बेसिक' भाषा सुरू केली आणि सामान्य विद्यार्थीही संगणकासमोर बसून प्रश्नोत्तरे करू लागला. अशा प्रश्नोत्तराच्या पटलास कन्सोल म्हणतात. कन्सोलवर मनुष्य चाचपडू शकतो. एक प्रश्न विचारावा, उत्तर पाहून दुसरा सुचावा, दुसऱ्यातून तिसरा निघावा. शोधकाचे मन असेच चालत असल्यामुळे ही रीत शास्त्रज्ञांना मानवली.

तिच्यात एक उणीव मात्र होती. ही प्रश्नोत्तरे तोंडी व्यवहारासारखी होती. उत्तर पडद्यावर उमटे, वर सरके आणि नाहीसे होई. तासाभराने 'मघाचा तो आकडा कसा आला होता?' असे मनात आले, तर उत्तर द्यावयास कोणी नसे.

आता आपण मुख्य कथेकडे येऊ. १९८९ च्या डिसेंबरात हॉलंडमधील ॲमस्टरडॅम येथे गिडो व्हॅन रॉसम या संगणकतज्ज्ञाने एक नवी भाषा रचावयास घेतली आणि १९९१ साली ती प्रसिद्ध केली. तिचे नाव पायथन. भाषा वाचावयास सोपी, शिकावयास सुलभ. तिच्याबरोबर एक कन्सोलही येई. पडद्यावर तीन कोनचिन्हे उमटत; त्यांच्यापुढे आज्ञा लिहावी, खाली उत्तर यावे. या कन्सोलची स्मरणशक्ती फार तोकडी होती. नुकतेच आलेले एक उत्तर ते लक्षात ठेवी. पुढचे आले की आधीचे विसरे.

मात्र पायथनच्या कर्त्यांनी घर बांधताना काही दारे उघडी ठेवली होती. कन्सोल सुरू होताना आपल्या पसंतीची एखादी फाईल आधी वाचली जावी, अशी सोय होती. पडद्यावर उमटणारी ती तीन कोनचिन्हे बदलता येत. इतकेच नव्हे, तर प्रत्येक ओळीच्या वेळी ती नव्याने तयार व्हावीत, म्हणजे त्यांच्या जागी दर वेळी पुढचा अनुक्रमांक उमटावा, असेही करता येई. २००१ च्या एप्रिलमध्ये आलेल्या पायथनच्या २.१ या आवृत्तीत आणखी एक दार उघडले. उत्तर पडद्यावर जाण्यापूर्वी ते मधल्या मध्ये घेऊन त्याचे काय करावयाचे, हे वापरणाऱ्यास ठरविता येऊ लागले. ही दारे कोणाच्या विशेष लक्षात येण्यासारखी नव्हती. त्यांतून आत शिरणारा मनुष्य यावयाचा होता.

तो मनुष्य म्हणजे फर्नांडो पेरेझ. मूळचा दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या मेडेयिन शहराचा. पदार्थविज्ञानाचे शिक्षण तेथेच घेऊन तो अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे, डॉक्टरेटसाठी आला होता. मूलकणांच्या आंतरक्रियांची प्रचंड गणिते हा त्याच्या प्रबंधाचा विषय. प्रबंध संपवावयाचा असताना प्रबंधाव्यतिरिक्त सर्व कामे मोहक वाटतात, हा विद्यार्थ्यांचा सार्वत्रिक अनुभव. २००१ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी पेरेझने असेच एक काम हाती घेतले. 'मॅथेमॅटिका' या विकत मिळणाऱ्या गणिती प्रणालीची त्याला सवय होती. १९८८ मध्ये निघालेल्या त्या प्रणालीत प्रत्येक प्रश्नास क्रमांक मिळे आणि उत्तरासही तोच क्रमांक लाभे. पायथनच्या कन्सोलला हीच शिस्त लावावी, या हेतूने त्याने एक छोटी फाईल लिहिली. तिच्या ओळी होत्या २५९. नाव ठेवले आयपायथन. यातील 'आय' हे संवादी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर.

ही पुरवणी काय करीत असे, ते घरगुती उदाहरणाने सांगतो. समजा, ठेवीवरील व्याज काढावयाचे आहे. पहिल्या ओळीत लिहिले, मुद्दल १०,०००. दुसऱ्या ओळीत दर शेकडा ८. तिसऱ्या ओळीत मुदत ३ वर्षे. चौथ्या ओळीत तिन्हींचा गुणाकार करून शंभराने भागावयास सांगितले. उत्तर आले २,४००. साध्या कन्सोलमध्ये हा आकडा पडद्यावरून सरकून जाई. पुरवणी जोडलेल्या कन्सोलमध्ये प्रश्नावर 'आत ४' आणि उत्तरावर 'बाहेर ४' असा शिक्का उमटे, आणि ते उत्तर त्या क्रमांकाखाली जपून ठेवले जाई. पुढे पन्नास ओळी झाल्यावरही 'बाहेर ४ मध्ये मुद्दल मिळव' असे सांगितले की १२,४०० हे उत्तर समोर येई. ज्याने आवक-जावक नोंदवही सांभाळली आहे, त्याला यातील मर्म विस्ताराने सांगावयास नको. प्रत्येक कागदास क्रमांक, प्रत्येक क्रमांकास जागा, आणि प्रश्नाच्या शेजारी त्याचे उत्तर.

या गोष्टीत पुढे जे घडले ते तितकेच महत्त्वाचे आहे. पेरेझच्या ध्यानात आले की अशा खटपटी करणारा तो एकटा नाही. जर्मनीत समुद्रविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या यांको हाउसर याने आपल्या परीने पायथनचे कन्सोल सुधारले होते. अमेरिकेतच कॅलटेक येथील नेथन ग्रे या विद्यार्थ्याने 'लेझी पायथन', म्हणजे आळशी पायथन, नावाची पुरवणी रचली होती. पेरेझने दोघांशी पत्रव्यवहार केला. दोघांनीही आपले काम त्याच्या हवाली केले. तिघांच्या पुरवण्या एकत्र शिवून २००१ साल संपता संपता आयपायथन सर्वांसाठी खुले झाले. स्वामित्वाचा वाद नाही, मोबदल्याची मागणी नाही. गावच्या ग्रंथालयास आपापल्या कपाटातली पुस्तके देऊन टाकणाऱ्या आपल्या जुन्या मंडळींची आठवण व्हावी, असा हा व्यवहार.

पुरवणीलाही पुढे पुरवणी जोडली गेली. शिकागो येथे मेंदूतील विद्युत्संकेतांचा अभ्यास करणारा जॉन हंटर हा शास्त्रज्ञ २००२ साली आयपायथनमध्ये आलेख काढण्याची सोय व्हावी म्हणून एक जोड घेऊन पेरेझकडे आला. प्रबंधाच्या घाईत असलेल्या पेरेझने काही महिने तरी ती तपासावयास वेळ नाही, असे कळविले. हंटरने मग स्वतंत्र मांडणी केली आणि २००३ साली 'मॅटप्लॉटलिब' हे आलेखांचे साधन प्रसिद्ध केले. आज शास्त्रीय लेखांत दिसणारे असंख्य आलेख या साधनाने काढलेले असतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये कृष्णविवराची जी पहिली प्रतिमा जगाने पाहिली, तिच्या कामातही त्याचा उपयोग झाला. हंटर मात्र २०१२ साली अकालीच निवर्तला.

येथे थोडे थांबून, प्रश्न उत्तराशेजारी ठेवण्याला इतके महत्त्व का द्यावयाचे, याचा विचार केला पाहिजे. त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण २२ खंड काढले. त्यांचा सारा आग्रह अस्सल कागदांवर होता. बखरीत निष्कर्ष असतो. तो कसा आला याचा माग नसतो. लढाई कोणी जिंकली हे बखर सांगते. परंतु आदल्या दिवशी कोणत्या सरदारास कोणते पत्र पोहोचले होते, रसद किती उरली होती, कोणती बातमी खरी मानून कोणता निर्णय झाला, हे पत्रे आणि हिशेबाचे कागदच सांगतात. १९१० मध्ये राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, ती अशा कागदांच्या जपणुकीसाठी. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादित केले. त्यामुळे पुढच्या अभ्यासकास सरदेसायांच्या निष्कर्षांशी मतभेद दाखविता आला, आणि त्या मतभेदाचा पायाही सरदेसायांनीच छापलेल्या कागदांत सापडू शकला.

सावकारी हिशेबातही हाच नियम होता. रोज घडेल ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत. नंतर खातेवार खतावणीत. आणि अखेर दोहोंची रुजुवात. खतावणीतील आकड्याविषयी शंका आली तर कीर्द उघडावी. सरकारी नस्तीचे दोन भाग होतात ते याच कारणाने. एकीकडे पत्रव्यवहार, दुसरीकडे टिपणी. आदेश एका ओळीचा असतो. तो तसा का निघाला हे टिपणीत असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ या चार घटकांचे मिळून नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांत आपल्या वाचकांपैकी अनेकांचे वडील होते. चार घटकांचे चार प्रकारचे नियम, चार प्रकारचे दप्तर. अशा वेळी नुसता जुना आदेश हाती असून भागत नाही. त्यामागील टिपणी असावी लागते. त्या पिढीने हे धडे पाठ्यपुस्तकातून घेतले नव्हते.

संगणकाच्या कन्सोलमध्ये आधी दिलेल्या आज्ञांच्या यादीस 'हिस्टरी', म्हणजे इतिहास, असाच शब्द आहे. आयपायथनने हा इतिहास गांभीर्याने घेतला. २०११ पासून तर प्रत्येक बैठकीतील प्रत्येक आज्ञा एका छोट्या विदागारात आपोआप नोंदली जाऊ लागली. मागील आठवड्यातील बैठकीत काय विचारले होते, तेही शोधता येऊ लागले. शिवाय आयपायथनने आपल्यासाठीही दारे उघडी ठेवली. ठराविक नावाचे एक कार्य असलेली छोटी फाईल कोणीही लिहावी, ती एका आज्ञेने कन्सोलला जोडावी आणि नवी सोय मिळवावी. कोणी आज्ञावलीतील कोणत्या ओळीस किती वेळ लागतो हे मोजण्याची सोय केली, तर कोणी अन्य भाषांतील आज्ञा मध्येच चालविण्याची. ज्या दारातून आपण आत आलो, ते इतरांसाठी उघडे ठेवण्याचा हा सुसंस्कृतपणा होय.

२०११ च्या डिसेंबरात या कन्सोलने रूप पालटले. ब्रायन ग्रेंजर आणि इतर सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून आयपायथनची 'वही' निघाली. आता आज्ञा, उत्तर, आलेख आणि साध्या भाषेतील विवेचन ही सारी एकाच पानावर, एकाखाली एक येऊ लागली. २०१४ मध्ये या वहीस पायथनपुरते न ठेवता अनेक भाषांसाठी मोकळे करण्यात आले आणि तिला 'ज्युपिटर' हे नाव मिळाले. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांची आद्याक्षरे त्या नावात गुंफलेली आहेत. दुसरा अर्थ अधिक हृद्य आहे. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरू ग्रहाजवळ दिसणारे ठिपके रात्रीमागून रात्र आपल्या वहीत टिपून ठेवले. ठिपके जागा बदलतात, म्हणून ते गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, हा निष्कर्ष त्याने काढला. आणि त्या वर्षीच्या आपल्या पुस्तकात निष्कर्षाबरोबर त्या रात्रींच्या नोंदीही छापल्या. वाचकाने स्वतः ताडून पाहावे, अशी त्यात सोय होती. ज्युपिटर हे नाव त्या टिपणवहीस केलेले वंदन आहे. २०१७ चा संगणक-प्रणालींसाठीचा एसीएम पुरस्कार या प्रकल्पाच्या १५ जणांस मिळून देण्यात आला. युनिक्स आणि विश्वव्यापी जाल यांना पूर्वी लाभलेला हाच पुरस्कार. २५९ ओळींच्या पुरवणीने येथवर मजल मारली.

या वहीचा एक प्रसंग आपल्या भूमीशी निगडित आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' या दोन वेधशाळांना सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली गुरुत्वीय लहर प्रथमच टिपता आली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही वार्ता जाहीर झाली. अशी लहर गोंगाटात दडलेली असते. तिचा अपेक्षित आकार गणिताने आधी ठरवून, तो साठविलेल्या नोंदींशी जुळवून पाहावा लागतो. ही जुळणी कशी करावी याविषयीचे पायाभूत काम पुण्याच्या 'आयुका' संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभापासून केले होते. शोध जाहीर झाला तेव्हा लायगोने मोजमापांबरोबर आयपायथनची एक वहीही सर्वांसाठी खुली केली. गोंगाट कसा गाळला, जुळणी कशी केली, याची प्रत्येक पायरी तीत होती. एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यानेही ती उघडावी, चालवावी आणि जगाने नुकतेच ऐकलेले ते उत्तर आपल्या टेबलावर पुन्हा काढून पाहावे. भारतात अशी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता दिली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. तिची जागा महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात, ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या औंढा नागनाथच्या परिसरात आहे.

औंढ्याहून आता मुंबईकडे वळू, कारण ही विद्या आपल्या मुलांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे काम पवईत झाले. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विमानविद्येचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी त्रिमितीय चित्रांसाठी पायथनमध्ये एक साधन रचले. त्याचे नाव 'मायावी'. जगभर ते याच संस्कृत नावाने ओळखले जाते. पवईतच मुक्त संगणक-साधनांच्या प्रसारासाठी 'फॉसी' हा प्रकल्प केंद्र सरकारच्या साहाय्याने सुरू झाला. शास्त्रज्ञांसाठी पायथन या विषयावरील 'सायपाय इंडिया' ही परिषद २००९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे आरंभली गेली आणि पुढे पवईत भरू लागली. तेथलाच दुसरा उपक्रम 'स्पोकन ट्यूटोरियल'. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील. सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-धडे, आणि त्यांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूपांतर. त्यांच्या पायथनच्या मालिकेत आयपायथनची तोंडओळख करून देणारा धडा आहे. कोलंबियाच्या विद्यार्थ्याने बोल्डरमध्ये फावल्या वेळात लिहिलेली पुरवणी अशा रीतीने आपल्या तालुक्यांच्या गावांतील महाविद्यालयांच्या आवाक्यात आली.

भाषेच्या बाबतीतही एक समाधानाची गोष्ट आहे. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून राशींना देवनागरी नावे देता येतात. वर दिलेल्या उदाहरणातील मुद्दल, दर, मुदत, व्याज ही नावे आज कन्सोलवर जशीच्या तशी चालतात. संख्या लिहिताना मात्र इंग्रजी अंकच वापरावे लागतात. तरीही अवतरणचिन्हांत लिहिलेले देवनागरी अंक संख्येत रूपांतरित करावयास सांगितले, तर तो ते बिनचूक वाचतो. आज्ञांचे मूळ शब्द इंग्रजीच आहेत. परंतु मुद्दलाला मुद्दल म्हणण्यास आता संगणकाचा विरोध राहिलेला नाही.

येथवरची कहाणी यशाची झाली. इतिहासकाराने दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. वही हाती आली म्हणजे नोंद प्रामाणिक झाली, असे होत नाही. ज्युपिटरच्या वहीत पान वरून खाली लिहिलेले दिसते. पण आज्ञा त्याच क्रमाने दिल्या असतील याची शाश्वती नसते. मनुष्य मधली ओळ पुसतो, खालची आधी चालवितो, वरची बदलतो आणि तिचे जुने उत्तर तसेच राहू देतो. २०१९ मध्ये ब्राझील व अमेरिकेतील काही अभ्यासकांनी सार्वजनिक भांडारातील सुमारे १४ लाख वह्या जमविल्या आणि त्यांपैकी ज्या चालविण्याजोग्या होत्या त्या पुन्हा चालवून पाहिल्या. सुमारे २४ टक्के वह्या अडखळल्याशिवाय शेवटपर्यंत गेल्या. आणि मूळ उत्तरेच पुन्हा देणाऱ्या निघाल्या अवघ्या ४ टक्के. म्हणजे कीर्द होती, खतावणी होती. रुजुवात कोणी केली नव्हती.

हा दोष २५९ ओळींच्या त्या पुरवणीचा नव्हे. तीत प्रत्येक प्रश्नास मिळणारा क्रमांक घडल्या क्रमानेच वाढत जाई. आजच्या वहीतही हा क्रमांक डाव्या बाजूस उमटतो. सातव्या क्रमांकाखाली तिसरा दिसला, की जाणत्या वाचकाने समजावे की येथे पाने वरखाली झाली आहेत. जुन्या दप्तरात तारखेचा क्रम मोडलेला दिसला म्हणजे संशोधक सावध होतो, तसेच हे. म्हणून तरुण मंडळींस शिक्षक सांगतात की, काम संपल्यावर वही एकदा पुसून पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवा, आणि उत्तरे जुळली तरच ती दुसऱ्याच्या हाती द्या. जुन्या कारकुनांच्या शब्दांत सांगावयाचे, तर पडताळा घ्या.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या कहाणीकडे पाहता एक विचार मनात येतो. भोपाळला येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांजवळ उत्तरे पुष्कळ आहेत. आम्ही अमुक साली आलो, अमुक मोहल्ल्यात राहिलो, अमुक खात्यात होतो. या उत्तरांपुढचे प्रश्न मात्र झपाट्याने पुसले जात आहेत. ग्वाल्हेर का सोडले? नागपूरची बदली कोणी स्वीकारली आणि कोणी नाकारली? घरातली भाषा टिकविण्यासाठी काय केले, आणि काय करावयाचे राहून गेले? नियुक्तीची पत्रे, बदलीचे हुकूम, गावाकडून आलेली पोस्टकार्डे, लग्नखर्चाच्या वह्या ही आपली कीर्द आहे. ती पेटीतून काढून, तारखेवार लावून, प्रत्येक कागदास क्रमांक देऊन ठेवण्याचे काम नातवंडांवर सोपविले, तर त्यांना ते परके वाटणार नाही. त्यांच्या रोजच्या कामाची रीत हीच आहे.

पेरेझ पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कले येथे, संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्युपिटरवर आज शेकडो जण काम करतात आणि मूळ कन्सोलचा बहुतेक भाग अनेकदा नव्याने लिहिला गेला आहे. पेरेझ यांनी मात्र २००१ सालची ती पहिली फाईल टाकून दिली नाही. पुढे ती त्यांनी महाजालावर सर्वांसाठी खुली केली, आणि २५९ ओळींचा तो मूळ कागद आजही कोणासही उघडून वाचता येतो.